नाकारलेल्या मालावरची चिठ्ठी

माझ्या नणंदेने आयुष्यभर बाटल्या नाकारल्या. औषधांच्या, काचेच्या. भट्टीतून निघून थंड झालेल्या बाटल्या कारखान्यात एका पट्ट्यावरून सरकत यायच्या, पट्ट्यामागे दुधी काचेचा दिवा असायचा, आणि त्या उजेडासमोर उंच स्टुलावर वन्सं बसायच्या. पोटात बुडबुडा, तळाला चीर, मानेच्या आत केसाएवढा काचेचा धागा, असं काही दिसलं की बाटली पट्ट्यावरून उचलली जायची. त्या तिथे लागल्या तेव्हा दोन वेण्या घालत होत्या आणि सुटल्या तेव्हा डोकं पांढरं झालं होतं. कामगार त्यांना पाठीमागे 'भिंग' म्हणत. पुढे तोंडावरही म्हणू लागले. त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

लग्न केलं नाही. मागणी घालणारे आले होते, पण प्रत्येकात हिला बुडबुडा दिसायचा, असं आमचे हे म्हणायचे. वन्संना ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बुडबुडा चालला असता रे. एकाला तर सरळ चीर होती."

एकदा मी विचारलं होतं, दिवसभर बाटल्या बघून डोळे दुखत नाहीत का. त्या हसल्या. "वहिनी, चांगल्या बाटलीकडे बघायचंच नसतं. ती जाऊ द्यायची. नजर अडकली पाहिजे ती वाईट बाटलीवर. ती हातात घ्यायची, फिरवायची, पुन्हा फिरवायची. दोष कुठे आहे ते कळलं की भट्टीचं काय बिघडलंय तेही कळतं." एकच दोष परत परत दिसला तर वाजवायला त्यांच्या हाताशी एक घंटा होती. ती वाजली की तो साचा बंद. फोरमन कपाळाला हात लावायचा.

"बाई, तुमची घंटा वाजली की माझं पोट दुखतं."

"औषध घ्या. फक्त बाटली बघून घ्या."

माझे धाकटे दीर, म्हणजे वन्संचा धाकटा भाऊ, त्याच कारखान्यात माल भरायच्या खात्यात होते. तपासलेल्या बाटल्यांच्या प्रत्येक खोक्यात तपासणाऱ्याच्या नंबरची चिठ्ठी असायची. बाकीच्यांच्या खोक्यातल्या दोन-चार बाटल्या ते वर काढून उजेडात धरत, तसा नियमच होता. वन्संचा नंबर दिसला की मात्र सरळ झाकण लावून पट्टी मारायचे. "ताईची चिठ्ठी असली की बघायचं नाही," ते म्हणायचे. "बघितलं तर तिचा अपमान." घरातही तेच. घर घ्यायचं, डॉक्टर बदलायचा, मुलीला कुठल्या शाखेत घालायचं, सगळं आधी ताईच्या नजरेखालून जायचं. तिने मान हलवली की भाऊजी झाकण लावून मोकळे.

हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते कुठल्याही शहाण्या माणसाला मूर्खपणाचं वाटेल. 'एवढे कसे भोळे?' असं आम्हाला विचारलं गेलंच आहे. भोळे नव्हते. दोघंही आपापल्या कामात चोख होते आणि त्या चोखपणालाच कुणीतरी फसवलं.

आमचे हे गेल्यावर वन्संनी आपली खोली सोडली आणि माझ्याकडे राहायला आल्या. नोकरी संपली होती. माझ्या लेकीने त्यांना नवा फोन आणून दिला आणि त्यात छोट्या व्हिडिओंचं ते ॲप घालून दिलं. "आत्या, बोटाने वर सरकवायचं, की पुढचं येतं. संपतच नाही."

"संपत नाही म्हणजे?"

"म्हणजे येतच राहतं."

वन्संचा चेहरा उजळला. "हा तर माझा पट्टा आहे."

खिडकीशी पाठ सरळ असलेली खुर्ची ओढून, चष्मा पुसून त्या बसत. पहिल्या दिवसांत विणकाम यायचं, पक्षी यायचे, कुणी काच फुंकून हंस करताना दिसायचं. वन्सं "छान आहे" म्हणायच्या आणि अंगठा वर. चांगल्याकडे बघायचं नसतं ना. मग एक दिवस एक माणूस आला. पांढरा कोट, गळ्यात नळी, मागे पुस्तकांचं कपाट. रक्तातली साखर हा रोगच नाही, म्हणाला. इंजेक्शनं बंद करा, कडू पाल्याचा रस घ्या, डॉक्टर तुम्हाला गिऱ्हाईक करून ठेवतात. वन्संचा अंगठा थांबला. त्यांनी तो व्हिडिओ पहिल्यापासून बघितला, मग पुन्हा बघितला. "वहिनी, इकडे या. याचं बोलणं कुठे फुटतंय बघा. इथपर्यंत खरं सांगतो, मग इथे हळूच खोटं घुसवतो. आणि ती नळी बघा, उलटी घातलीय." नळी खरंच उलटी होती. मग त्यांनी एकेक अक्षर शोधत खाली लिहिलं: 'हे चूक आहे. इंजेक्शन बंद करू नका. आपल्या डॉक्टरांना विचारा.'

दुसऱ्या दिवशी तोच माणूस दुसरा कोट घालून आला. मग त्याच्यासारखे आणखी आले. किडनी घरी धुणारे, चष्मा उतरवणारे, गाठ विरघळवणारी एक गोड बाई. हंस आणि पक्षी कुठे गेले कोण जाणे. वन्सं मात्र खूश होत्या, आणि आज आठवलं की मला सगळ्यात जास्त संताप येतो तो त्याचाच. त्यांना वाटलं, आपलं काम कुणाच्या तरी लक्षात आलं.

"वाईट माल मुद्दाम माझ्याकडे पाठवतात वाटतं," त्या म्हणाल्या. "कारखान्यातही तसंच होतं. शंका आली की पेटी माझ्या टेबलावर."

"पण पाठवतंय कोण?" मी विचारलं.

"असेल की कुणीतरी. एवढं मोठं काम बिनतपासणीचं चालेल का?"

मीही हसले. मलाही वाटलं, असेल कुणीतरी.

त्यांनी तक्रारीचं बटणही शोधून काढलं. ते दाबलं की थोड्या वेळाने उत्तर यायचं: आम्ही हा व्हिडिओ तपासला, तो आमच्या नियमांत बसतो. वन्संना ते उत्तर फोरमनसारखं वाटायचं. फोरमनही आधी नाहीच म्हणायचा. म्हणून त्या चिकाटीने पुढच्याखाली लिहायच्या. 'मला यात रस नाही' असंही एक बटण होतं, लेकीने दाखवलं. वन्संनी ते दाबलं नाही. "रस नाही कसा? मला रस आहे. मला हे बंद झालेलं हवंय. माझ्यापुरतं पट्ट्यावरून ढकलून दिलं तर ते दुसऱ्याच्या घरी जाणार."

मग एका सकाळी माझ्या जावेचा, म्हणजे भाऊजींच्या बायकोचा, फोन आला. तिला बोलताच येत नव्हतं. भाऊजींच्या पायाची दोन बोटं काळी पडली होती.

भाऊजींना पुष्कळ वर्षांपासून साखर होती. रोज सकाळी पोटावर इंजेक्शन घ्यायचे आणि बायकोला म्हणायचे, "हा माझा नाश्ता, तुझा नंतर." बुटात खडा गेला, जखम झाली, ती त्यांनी मोज्याखाली लपवली. ताप चढला तेव्हा जावेने मोजा ओढून काढला. मी आणि वन्सं हॉस्पिटलमध्ये पोचलो तोवर रक्त तपासून झालं होतं, साखर आभाळाला भिडलेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोळे झोपेने तांबारलेले. त्यांनी विचारलं, "इंजेक्शन कधीपासून बंद केलंत?"

जाऊ म्हणाली, "बंद कुठे? रोज घेतात. मी सुया टाकते ना."

भाऊजी भिंतीकडे बघत होते. मग म्हणाले, "सुया नुसत्या टोचून टाकून देत होतो. उशीत."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की दोन बोटं आजच काढायला हवीत, नाहीतर उद्या घोट्यापासून पाय जाईल, आणि परवाचं त्या बोलत नाहीत. संमतीचा कागद पुढे केला. भाऊजींनी हात मागे घेतला.

"मी सही करणार नाही. मला माहीत होतं तुम्ही हेच म्हणणार. ते सांगतातच, आधी घाबरवतील, मग कापतील."

"कोण सांगतात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

भाऊजींनी उशाखालचा फोन काढला आणि चालू करून दिला. पांढरा कोट, गळ्यात उलटी नळी, मागे कपाट. आणि त्याच्या चेहऱ्याखाली, बारीक अक्षरांत, वन्संचं नाव. वन्संचा छोटासा फोटोही, माझ्या लेकीने काढलेला, त्यात त्या हसत होत्या. शेजारी लिहिलेलं: 'यांनी यावर प्रतिक्रिया दिली आहे.'

जाऊ वन्संकडे वळली. ती एरवी त्यांच्यापुढे आवाज चढवत नाही. "वन्सं, हे तुमचंच नाव ना?"

वन्संनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"भावाचा पाय कापायची वेळ आणलीत. तुम्हाला काय कमी होतं? घरात बसून बाटल्या मोजायच्या होत्या."

"तिला काही बोलू नकोस," भाऊजी म्हणाले. "ताई रोज बघते हे. एक नाही, दहा. प्रत्येकावर तिचं नाव येतं मला. तिने बघून पुढे पाठवलंय, मग मी कशाला उघडून बघू?"

मला तेव्हा समजलं, आणि वन्संनाही त्याच क्षणी समजलं असावं, कारण त्यांनी माझा दंड धरला. भाऊजींनी झाकण लावलं होतं. नावाची चिठ्ठी दिसली, म्हणजे माल तपासलेला. खाली वन्संनी काय लिहिलंय ते वाचायला आणखी एक बोट दाबावं लागतं, आणि ते दाबणं त्यांच्या लेखी ताईचा अपमान होता.

मी बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन लेकीला फोन लावला. ती जाहिरातींच्या कंपनीत कामाला आहे, तिला या गोष्टी कळतात. वन्सं माझ्यामागे आल्या. फोनचा आवाज मी मोठा केला.

"आई, त्या यंत्राला आत्याने काय लिहिलं ते कळत नाही गं, कळलं तरी त्याला त्याचं काही नसतं. ते एवढंच बघतं की माणूस कशावर थांबला, किती वेळ थांबला, परत बघितलं का, खाली काही लिहिलं का. शिव्या लिहिल्या तरी चालतं. थांबला म्हणजे आवडलं. मग तसलंच आणखी देतं. आणि ओळखीच्या लोकांना त्याचं नाव दाखवून देतं, कारण ओळखीचं नाव दिसलं की माणसं थांबतात."

वन्संनी फोन माझ्या हातातून घेतला. "म्हणजे मी जेवढं नाकारत होते, तेवढा तो माल जास्त जात होता?"

"हो, आत्या."

"सगळीकडे? का फक्त माझ्या भावाकडे?"

"सगळीकडेच थोडाथोडा."

"आणि तपासायला कुणी बसलेलं नाही?"

"तसं कुणी नाही. आत्या, तू मनाला लावून घेऊ नकोस. यात कुणाचा दोष नाही, ते यंत्र आहे."

माझ्या लेकीवर मी क्वचित रागावते. त्या दिवशी रागावले. यंत्र आहे म्हणे. वन्संचा पट्टाही यंत्रच होता, तो काय आभाळातून पडला होता? त्याला मालक होता, मालकाने त्याच्यासमोर स्टूल ठेवलं होतं, स्टुलावर बाई बसवली होती आणि बाईच्या हाताशी घंटा दिली होती. घंटा वाजली की मालकाचं नुकसान व्हायचं आणि तरी ती घंटा तिथे होती. इथे कुणीतरी खुर्चीवर बसून ठरवलं, की माणूस कशासाठी थांबला ते विचारायचंच नाही. अपघात बघायला थांबलेला, मुलाला ओढून बाजूला घ्यायला थांबलेला, आणि मजा वाटून थांबलेला, तिघं सारखेच. हे ठरवणाऱ्याला काही दिसत नव्हतं असं मला कुणी सांगू नये. त्याला दिसलं, पण त्याचं काम त्यावरच चालतं. वर उत्तर पाठवतात, आम्ही हा व्हिडिओ तपासला. कोणी तपासला? कुठल्या उजेडात धरला? माझ्या नणंदेने फुकट, चष्मा पुसून, सरळ पाठीने, दिवसेंदिवस यांच्या मालातली खोट काढून दिली, आणि यांनी तिचं हसणारं तोंड त्या खोट्या मालावर चिकटवून तिच्याच भावाच्या घरी पोचवलं. माझ्या मिशनच्या शाळेतल्या सिस्टर शिकवायच्या, रागात लिहू नये, आधी पाणी प्यावं. मी पाणी प्यायले आहे. पुष्कळ प्यायले आहे.

वन्संनी फोन मला परत दिला आणि पदर खोचला. "चला. तो सही करत नाहीये."

आत डॉक्टरीणबाई समजावून थकल्या होत्या. जाऊ खुर्चीत बसून रडत होती. वन्सं पलंगाच्या कडेला बसल्या.

"फोन दे."

"ताई, तू पण त्यांच्या बाजूने बोलणार असशील तर—"

"मी कुणाच्या बाजूने बोलत नाही. फोन दे. आणि चष्मा लाव."

भाऊजींनी चष्मा लावला. वन्संनी आपल्या नावावर बोट दाबलं, खालचं पान उघडलं आणि फोन त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. "वाच. मोठ्याने."

भाऊजींनी वाचलं. "हे चूक आहे. इंजेक्शन बंद करू नका. आपल्या... आपल्या डॉक्टरांना विचारा." त्यांनी वर बघितलं. "हे तू लिहिलंयस?"

"पुढचा काढ. वाच."

"खोटं सांगतो. याचं ऐकू नका." पुढचा. "ही बाई डॉक्टर नाही." पुढचा. भाऊजींचा आवाज बारीक होत गेला. चौथ्यानंतर ते वाचायचे थांबले.

"मग वर तुझं नाव का?"

"नाव मी लावलं नाही. त्यांनी लावलं."

"तू नाकारलेल्या मालावर?"

"मी नाकारलेल्या मालावर."

भाऊजींनी फोन आपल्या हातात घेतला. आजारी माणसाचा चेहरा, गालाची हाडं वर आलेली, पण आता मानेवर शीर उभी राहिली होती. कारखान्यात असं कधी झालं असतं, नाकारलेल्या पेटीत तपासणाऱ्याची चिठ्ठी कुणी घातली असती, तर तो माणूस संध्याकाळी फाटकाबाहेर असता, आणि भाऊजींनी स्वतः त्याची गचांडी धरली असती. ते मला माहीत होतं आणि त्या खोलीतल्या आमच्या बाकी तिघांनाही.

"भामटे," ते म्हणाले. मग डॉक्टरीणबाईंकडे हात केला. "आणा तो कागद."

सही झाल्यावर त्यांनी वन्संकडे बघितलं नाही, वन्संनीही बघितलं नाही. जाऊ उठली आणि तिने वन्संचा हात आपल्या हातात घेतला, बस एवढंच. माफी कुणी मागितली नाही. मागायची कुणी होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ज्याने मागायला हवी होती तो त्या खोलीत नव्हता.

दोन बोटं गेली, पाय राहिला. वन्संनी आपलं खातं बंद केलं. लेकीने त्याआधी सांगितलं, लिहिलेलं सगळं एकेक करून काढता येईल, पण त्यासाठी एकेक व्हिडिओ पुन्हा उघडावा लागेल. वन्सं म्हणाल्या, "म्हणजे पुन्हा थांबावं लागेल." आणि त्यांनी सगळंच बंद करायला सांगितलं. खिडकीजवळची खुर्ची त्यांनी स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. आता त्यांचे हात काही ना काही निवडत असतात. तांदूळ, बटणं, माझी जुनी रिळं. मी काही म्हणत नाही.

मागच्या आठवड्यात भाऊजींची पट्टी बदलायला आम्ही चौघं गेलो होतो. बाहेरच्या बाकांवर रांग. सगळ्यांच्या माना खाली, सगळ्यांचे अंगठे वर जात असलेले. कोपऱ्यातल्या एका माणसाच्या फोनमधून तो आवाज आला. कोट दिसायची गरज नव्हती, मी तो आवाज भर बाजारातही ओळखेन. मी काही बोलायच्या आधी वन्सं उठल्या होत्या.

"बंद करा ते."

माणसाने दचकून वर बघितलं. चाळिशीचा, शेजारी बाकावर तपासणीची फाईल. "आजी, नुसतं बघतोय."

"नुसतं बघू नका. तुम्ही थांबलात की ते दहाजणांकडे जातं."

"मी काही पाठवत नाहीये कुणाला."

"मीही पाठवत नव्हते."

तो माणूस बाजूच्यांकडे बघून कसनुसं हसला. म्हाताऱ्या बाईचं काय मनावर घ्यायचं, असं ते हसणं. तेवढ्यात भाऊजी काठी टेकत आले. ते त्याच्या समोरच्या बाकावर बसले, पाय उचलून त्याच्या फाईलीशेजारी ठेवला आणि पट्टी सोडायला लागले. जाऊ म्हणाली, "अहो, इथे काय करताय?" त्यांनी ऐकलं नाही.

"तो काय म्हणतोय तुमच्या फोनमध्ये? इंजेक्शन बंद करा?"

"हो, म्हणजे... मला कालच सुरू केलंय."

"मग हेही बघा," भाऊजी म्हणाले. "मध्येच सोडू नका. शेवटपर्यंत बघा."

पट्टी सुटली. माणूस बघत राहिला. त्याचा अंगठा फोनवर तसाच होता, आणि त्या कोटवाल्याचं बोलणं संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. मग त्याने फोन मांडीवर पालथा घातला.

"अजून दुखतं का हो?" त्याने विचारलं.

"दुखतं," भाऊजी म्हणाले. "बोटं नाहीत ना, नेमकं तिथेच."